आयर्लंडच्या लेखाचे सहावे पान

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यातल्या चौथ्या रविवारी आमच्या दैनिकाच्या पुरवणीत आयर्लंडमधल्या उठावावर एक लेख प्रसिद्ध झाला. उठाव सुरू झाला त्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे झाली होती. लेखक विक्रोळीचे दत्ताराम परब. हस्तलिखित सहा पानांचे होते, छापली गेली पाच. सहावे पान मी काढले. पुढच्या आठवड्यात संपादकांनी विचारले, तेव्हा ते पान आपल्याकडे आलेच नव्हते, असे मी त्यांना सांगितले.

मी तेव्हा पुरवणीची उपसंपादक होते. उपसंपादक म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. तो बातमी आणत नाही, लेख लिहीत नाही, त्याचे नाव कुठे छापले जात नाही. दुसऱ्याने लिहिलेले वाचायचे, चुका काढायच्या, मथळा द्यायचा आणि मजकूर पानावरच्या जागेत बसवायचा, एवढेच त्याचे काम. जागा कधीच पुरत नाही. त्यामुळे कापणे हे या कामातले मोठे काम. सत्तावीस वर्षांत मी किती मजकूर कापला याची मोजदाद नाही.

कापण्याची एक रीत आहे. बातमी कापायची ती खालून. बातमीदाराला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते की महत्त्वाचे ते वर, कमी महत्त्वाचे ते त्याखाली. त्यामुळे शेवटचे दोन परिच्छेद उडाले तरी बातमी उभी राहते. अपघात झाला, किती जखमी, कुठल्या रुग्णालयात, हे वर असते. रस्त्यावर खड्डे असल्याची रहिवाशांची जुनीच तक्रार खाली असते. ती गेली तरी चालते.

लेखाचे तसे नसते. बाहेरून लेख पाठवणारी माणसे बातमीदार नसतात. ती गोष्ट सांगतात, आणि जे सांगायचे असते ते शेवटी ठेवतात. म्हणून लेख खालून कापायचा नसतो. आधी सगळा वाचायचा, मग मधून एकेक वाक्य उचलायचे. याला वेळ लागतो. हे मी शिकाऊ मुलांना शिकवत असे. परबांचा लेख कापला त्याच्या आधीही शिकवत होते आणि नंतरही शिकवत राहिले.

परब विक्रोळीतल्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. यंत्राचे सुटे भाग ज्या साच्यांवर आणि हत्यारांवर तयार होतात, ती हत्यारे बनवण्याचा हा विभाग. घर मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत. परबांना कारखान्याने तरुणपणी सहा महिन्यांसाठी जर्मनीला प्रशिक्षणाला पाठवले होते. तिथल्या वसतिगृहात त्यांच्या खोलीत डोनल नावाचा एक आयरिश फिटर होता. आयर्लंडमध्ये काम नव्हते म्हणून आलेला. दोघांचे जमले त्याचे कारण परबांनी लेखातच दिले होते. कारखान्यातला जर्मन मुकादम या दोघांनाही 'इंग्रज' म्हणून हाक मारायचा, कारण दोघे आपसात इंग्रजी बोलत. पहिल्या आठवड्यात दोघांनीही आपापल्या परीने त्याला समजावून पाहिले. मग सोडून दिले. रोज सकाळी 'चला इंग्रज' अशी हाक आली की आयर्लंडचा एक आणि कोकणातला एक असे दोन इंग्रज उठून कामाला जायचे.

लेख त्यांनी स्वतः मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कार्यालयात आणून दिला. मी त्यांना तेव्हा पाहिले नाही. खाली दारावर देऊन गेले. फुलस्केप कागद, एका बाजूला लिहिलेले, डावीकडे दोन बोटे समास, प्रत्येक पानावर वर मधोमध आकडा. अक्षर टूलरूमच्या माणसाचे. एकही अक्षर शेजारच्याला टेकलेले नव्हते.

लेखात पहिल्या महायुद्धातली हकीकत होती. ब्रिटन जर्मनीशी लढण्यात गुंतले आहे, हीच वेळ, असे आयर्लंडमधल्या एका गटाने ठरवले आणि जर्मनीकडे बंदुका मागितल्या. जर्मनीने नॉर्वेचे म्हणून रंगवलेल्या जहाजातून वीस हजार बंदुका पाठवल्या. त्याही स्वतःच्या नव्हेत, रशियनांकडून लढाईत हाती लागलेल्या. जहाज आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला पोहोचले, पण दिवसांचा घोळ झाला; बंदुका उतरवून घेणारी माणसे तीन दिवसांनी यायची होती. ब्रिटिश नौदलाने जहाज पकडून बंदराकडे नेले, तेव्हा कप्तानाने ते स्वतःच बुडवले. बंदुका समुद्रात गेल्या. तरीही दोन दिवसांनी डब्लिनमध्ये उठाव झाला, आठवडाभर टिकला आणि मोडला. त्याच्या नेत्यांना ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या.

पहिल्याच परिच्छेदात परबांनी लिहिले होते, की ही गोष्ट डोनलने आपल्याला वसतिगृहात एका अटीवर सांगितली. अट काय, ते सहाव्या पानावर होते.

मथळा मी दिला : 'जर्मन बंदुका, आयरिश खांदे'. तो मला आवडला होता.

पुरवणीची पाने गुरुवारी लागत. त्या गुरुवारी दुपारी चारला जाहिरात विभागातून निरोप आला, चौथ्या पानावर पाव पान जाहिरात वाढली आहे. मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये कुठे तरी नव्या इमारती होत होत्या, त्यांची. पान लावणारे शिर्के म्हणाले, "बाई, आयर्लंडमधून सव्वाशे शब्द काढा. नाहीतर चित्र काढावं लागेल."

"चित्र राहू दे."

"मग मजकूर काढा. किती वेळ लागेल?"

मधून कापायला पाऊण तास लागला असता. कंपनीची मुलुंडची बस साडेपाचला सुटायची. ती चुकली की मरोळहून मुलुंडला घरी जायचे तर रिक्षा, मग आगगाडी, मग पुन्हा रिक्षा. सहावे पान जवळजवळ तेवढ्याच शब्दांचे होते. मी त्यावर लाल पेनाने वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. बस मिळाली.

ते पान मी न वाचता कापले असे मी पुढे बरीच वर्षे स्वतःला सांगत असे. ते खरे नाही. सोमवारी लेख निवडताना मी ते वाचले होते, आणि त्या पानामुळेच लेख निवडला होता. पान असे होते :

'त्या आठवड्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. डब्लिनमध्ये उठाव चालू होता त्याच आठवड्यात, फ्रान्समध्ये जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर विषारी वायू सोडला. त्या खंदकांत ब्रिटिश गणवेशातले आयरिश सैनिक होते. पाचशेहून जास्त मेले. आयर्लंडला बंदुका पाठवणारे आणि आयरिश पोरांवर वायू सोडणारे सरकार एकच होते. हे सैनिक काही इंग्रजांचे भक्त नव्हते. कोणी पोटासाठी गेला होता, कोणी नेत्यांनी सांगितले म्हणून. आपल्याकडचेही असेच गेले. डोनलच्या आजीला दोन भाऊ होते. मोठा त्या आठवड्यात किनाऱ्यावर जर्मन बंदुकांची वाट पाहत होता. धाकटा त्या आठवड्यात जर्मन वायूने मेला. देश स्वतंत्र झाल्यावर मोठ्याचा फोटो भिंतीवर लागला. धाकट्याचा, ब्रिटिश गणवेशातला, कपाटाच्या खणात गेला. लोक काय म्हणतील म्हणून. आजीने घरात एक नियम केला होता. एकाची गोष्ट सांगायची तर दुसऱ्याचीही सांगायची, नाहीतर दोन्ही सांगायच्या नाहीत. डोनलने मला हे सगळे याच अटीवर सांगितले. मी ती मान्य केली.'

हे पान काढल्यावर लेखाचे शेवटचे वाक्य झाले : 'जहाज बुडाले, पण अडचणीच्या वेळी जर्मनीने हात पुढे केला होता, हे आयरिश माणूस विसरला नाही.' परबांनी ते पुढच्या पानावर खोडून काढण्यासाठीच लिहिले होते. छापील लेख तिथे संपत होता.

सोमवारी सकाळी बोरिवलीच्या लिमयांचा फोन आला. लिमये टपाल खात्यातून निवृत्त झालेले, दर सोमवारी पुरवणीतल्या चुका सांगायला फोन करत. कधी तीन, कधी सात. आम्ही त्यांना कंटाळत असू आणि त्यांचा फोन आला नाही तर अस्वस्थही होत असू.

"मॅडम, पान चार. आयर्लंड."

"बोला."

"लेख संपलेला नाही."

"संपलाय की हो. खाली लेखकाचं नाव आहे."

"नाव आहे. पण लेखक पहिल्याच परिच्छेदात म्हणतो, मित्राने एका अटीवर सांगितलं. मी शेवटपर्यंत अट शोधली. अट कुठाय?"

"जागा कमी पडली, लिमयेकाका."

"मग तसं छापायचं ना. 'संक्षिप्त' असा एक शब्द टाकायचा कंसात. बरं, आता पान सहा."

पान सहावर त्यांना 'उद्घाटन' चुकीचे सापडले होते. ते मी लिहून घेतले.

परबांचा फोन मंगळवारी आला. आवाज हळू, रागाचा लवलेश नाही.

"मॅडम, मी परब, विक्रोळी. लेख छापलात, आभार. माझं एक पान राहिलंय."

"असं का? पाहायला हवं..."

"जागा कमी पडली असेल, समजतो. पेपरचं असतंच ते. पण ते पान नसेल तर लेख उलटा होतो. आणि काय झालं, रविवारी सकाळी पेपर हातात आला, नाव बघितलं, आणि आनंदात वाचायच्या आधीच फोटो काढून डोनलला पाठवला. त्याच्या मुलीने मोबाइलवर भाषांतर करून त्याला वाचून दाखवला. तो सत्तरीला आलाय. तुम्ही पुढच्या रविवारी तेवढं पान छापा. कोपऱ्यात छापलंत तरी चालेल. मी लगेच त्याला पाठवतो."

"बघते," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी ते छापायला काहीच हरकत नव्हती. खुलासे आम्ही छापत असू. आदल्याच महिन्यात एक छापला होता. होळीच्या विशेष पानावर खाद्यपदार्थाच्या कृतीत 'एक चिमूट सोडा' याऐवजी 'एक वाटी सोडा' छापले गेले होते आणि घाटकोपरच्या एका बाईंनी ते तंतोतंत पाळले होते. त्यांनी तो पदार्थ डब्यात घालून कार्यालयात आणला आणि संपादकांच्या टेबलावर ठेवला. "एक खाऊन दाखवा," म्हणाल्या. ते पानही माझेच होते. संपादकांनी मला लेखी समज दिली. त्या वर्षी पुरवणीप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि सेवाज्येष्ठतेने ती माझ्याकडे येणार होती. दोन महिन्यांत दोन खुलासे झाले असते तर ती आली नसती. हे कारण आहे. समर्थन म्हणून देत नाही.

मी दोन दिवस काही केले नाही. माझ्याकडून काही न कळल्याने परबांनी गुरुवारी संपादकांना पत्र आणून दिले. संपादकांनी मला बोलावले. पत्र त्यांच्या हातात होते.

"हे आयर्लंडचं तुझ्या पानावरचं ना?"

"हो."

"हा गृहस्थ म्हणतो शेवटचं पान गाळलं. त्याच्या प्रतीत होतं का ते पान?"

"माझ्याकडे आलेल्या प्रतीत नव्हतं," मी म्हणाले.

"नक्की?"

"पाचच पानं होती."

त्यांनी मान हलवली. हस्तलिखित मागवले नाही. मागवले असते तर ते माझ्या खणात होते. सत्तावीस वर्षांत मी कधी खोटे बोलले नव्हते, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला असणार. त्यांनी परबांना कळवले, 'आपल्या हस्तलिखितात सदर पान आढळून आले नाही. साहित्य पाठवताना सर्व पाने जोडल्याची कृपया खात्री करावी.' पत्राचा मसुदा मला दाखवला होता. 'कृपया' हा शब्द मी घातला.

हस्तलिखिते तीन महिने ठेवून मग रद्दीत जात. परबांची सहा पाने मी मे महिन्यात घरी आणली. ती फाडून टाकली असती तर प्रश्न मिटला असता. तेवढे माझ्याने झाले नाही. जून महिन्यात पुरवणीप्रमुखाची जागा मला मिळाली.

परबांकडून त्यानंतर काही आले नाही. ना पत्र, ना लेख. तीन वर्षांनी मी निवृत्त झाले.

गेल्या हिवाळ्यात विक्रोळीच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने 'वृत्तपत्राच्या पडद्यामागे' या विषयावर बोलायला बोलावले. पन्नासेक माणसे होती. मी घाटकोपरच्या सोड्याची गोष्ट सांगितली, माणसे हसली. मग बातमी खालून का कापतात आणि लेख तसा का कापू नये, ते सांगितले. उदाहरण दुसरेच दिले.

प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले. उंच, पांढरा सदरा, खिशाला पेन आणि एक लहान डायरी.

"मॅडम, एखाद्या लेखाचं पान हरवलं, तर ते लेखकाकडून हरवलं की ऑफिसात, हे कसं समजतं?"

"का बरं?"

"माझ्याकडून एकदा हरवलं होतं. तुमच्याच पेपरला दिलेला लेख. सहावं पान जोडायचं राहिलं. माझीच चूक. पण मला आजपर्यंत समजलं नाही, घरात ते पान सापडलं कसं नाही. म्हणून विचारतो, तुमच्याकडे याची काही पद्धत असते का?"

मी म्हणाले, की मोठ्या कार्यालयात कागद इकडेतिकडे होतात, नक्की सांगणे कठीण असते. त्यांनी आभार मानले आणि बसले.

नंतर चहाच्या वेळी ते जवळ आले. "मी परब. तुम्हाला आठवणार नाही. हेडिंग तुम्हीच दिलं होतं ना? 'जर्मन बंदुका'. छान होतं." मी हो म्हणाले. कपात चहा होता तो तसाच राहिला. त्या दिवशीही मी सांगितले नाही. सतरा दिवसांनी सांगितले.

परब कन्नमवार नगरात राहतात. तळमजला, दोन खोल्या. दार त्यांच्या पत्नीने उघडले. त्यांना सगळे माई म्हणतात. आत शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या चिठ्ठ्या. गॅसच्या वर 'बंद केला?', दाराच्या आतल्या बाजूला 'किल्ली, चष्मा, पास', टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि प्रत्येक कागदावर वर मधोमध आकडा, खाली 'एकूण इतके'.

मी बसले नाही. पिशवीतून सहा पाने काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे पान तुम्ही जोडलं होतं. ते मी कापलं. आणि आलंच नाही असं संपादकांना मीच सांगितलं."

परबांनी चष्मा लावला. सहावे पान उचलून खिडकीशी नेले. लाल रेघेवर बोट फिरवले. वरचा आकडा पाहिला.

"सहा माझाच आहे," ते म्हणाले. "म्हणजे घातलं होतं."

"काय घातलं होतं?" माईंनी विचारले.

"पान."

माई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे आयर्लंडचं? बाई, तुम्हाला ठाऊक आहे का काय केलंत ते? त्या पत्रानंतर ह्यांनी अख्खं घर उलटंपालटं केलं. माळा काढला. पान मिळेना. मग म्हणायला लागले, माई, माझं डोकं चालेनासं झालंय. टूलरूममध्ये केसाइतका फरक पकडणारा माणूस. मी डॉक्टरकडे नेलं ह्यांना. डॉक्टर म्हणाले काही नाही झालेलं. तरी ऐकतात थोडेच. ह्या चिठ्ठ्या बघताय ना? आठ वर्षं झाली."

"माई, राहू दे," परब म्हणाले.

"का राहू दे? लिहायचं सोडलंत तुम्ही त्यानंतर. का राहू दे?"

परब खिडकीपासून मागे वळले. कपाटातून एक पाकीट काढून त्यातले छोटे पत्र माझ्यापुढे ठेवले. इंग्रजीत, तीन ओळी. डोनलचे. 'पान जोडायला विसरलो, चूक माझी' असे परबांनी कळवल्यावर आलेले. त्यात लिहिले होते, की तू इतका व्यवस्थित माणूस, नेमके तेच पान विसरलास यावर माझा विश्वास बसत नाही. माझ्या आजीच्या भावाला तू पुन्हा खणात ठेवलेस. खाली सही.

"दर नाताळात त्याचं कार्ड यायचं," परब म्हणाले. "तीसेक वर्षं. त्यानंतर नाही आलं. फोन केला तर मुलगी उचलायची, झोपलेत म्हणायची. नंतर तो नंबरच बंद झाला."

"मी पेपरमध्ये खुलासा छापून आणायचा प्रयत्न करते. आता संपादक दुसरे आहेत, पण..."

"खुलासा मराठीत छापणार. वाचणार कोण? मी आणि माई." त्यांनी पाने जुळवून टेबलावर आपटून सारखी केली. "माझ्याकडे आलात ते बरं केलंत. पण मला सांगून माझ्यापुरतं झालं. शब्द मी त्याला दिला होता. त्याला लिहा. पत्ता देतो."

पत्र मी इंग्रजीत लिहून पुढच्या आठवड्यात घेऊन गेले. टंकलिखित, दीड पान. परबांनी पेन्सिल घेऊन वाचले.

"जागेची अडचण तीनदा आलीय."

"अडचण खरीच होती."

"असेल. मागच्या वेळी जाताना तुम्ही दारात बसचं बोललात. साडेपाचची. ते यात नाही."

"ते लिहायचं?"

"खरं तेच ना?"

"हो."

"मग लिहा."

"आणि बढतीचं पण लिहा," माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मी तेही दारात सांगितले होते.

"'मी गाळलं' असंही कुठे नाही यात," परब म्हणाले. "पान गळलं, असं वाटतं वाचून. झाडाचं गळतं तसं. डोनल फिटर आहे. यंत्र बिघडलं की आधी विचारतो, हात कोणाचा लागला."

दुसरा मसुदा एका पानाचा झाला. त्यात बस होती, जागा होती, बढती होती, संपादकांना दिलेले उत्तर शब्दशः होते, आणि परबांनी पान जोडले होते हे पहिल्याच वाक्यात होते. सहाव्या पानाचे इंग्रजी भाषांतर परबांनी स्वतः केले, फुलस्केपवर, डावीकडे दोन बोटे समास सोडून. मूळ पानाची रंगीत प्रत काढली, लाल रेघेसकट. मूळ पान त्यांनी ठेवून घेतले.

"तुम्ही दोन ओळी लिहिता का सोबत?" मी विचारले.

"नको. मी त्याला एकदा चूक माझी म्हणून लिहिलंय आणि ते खोटं निघालं. आता आधी तुमचं जाऊ दे."

या अंकासाठी सगळे लिहू का, हे मी त्यांना त्याच वेळी विचारले. नाव बदलू का, असेही विचारले. ते म्हणाले, नाव बदलू नका, आणि पान छापाल तर पूर्ण छापा. वर छापले आहे. एकही शब्द कमी केलेला नाही. हा लेख त्यांनी आणि माईंनी वाचला आहे. परबांनी एक दुरुस्ती सुचवली : मुकादम दोघांना इंग्रज म्हणायचा, पण सहाव्या महिन्यात निरोपाच्या दिवशी त्याने परबांना त्यांच्या नावाने हाक मारली होती. ती मी मान्य करून इथे नोंदवते. माईंनी दुरुस्ती सुचवली नाही. दारावरची चिठ्ठी अजून आहे, एवढे त्यांनी लिहायला सांगितले.

पाकीट मुलुंड पूर्वच्या टपाल कार्यालयातून एका मंगळवारी सकाळी नोंदणीकृत हवाई टपालाने पाठवले. पाठवणाऱ्याच्या जागी माझे नाव आणि पत्ता आहे. पाकिटात तीन कागद होते : माझे पत्र, सहाव्या पानाची प्रत, परबांचे भाषांतर. पंधराव्या दिवशी टपाल खात्याच्या संकेतस्थळावर नोंद आली, की पाकीट आयर्लंडमध्ये दिलेल्या पत्त्यावर पोहोचले आणि सही घेण्यात आली. सही कोणाची, हे नोंदीत नाही. हा मजकूर छपाईला जाईपर्यंत माझ्याकडे किंवा परबांकडे उत्तर आलेले नाही.